रुखवतातला रणगाडा

शेजारच्या सुकलाल आप्पांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या खिडकीचा नवाकोरा रंग खरवडून काढला तेव्हा. सुरतेच्या डिंडोलीत आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. रंगारी काम संपवून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खर्र खर्र आवाज यायला लागला म्हणून मी बाहेर आले. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेला एक उंच, वाळका गृहस्थ आमच्या ग्रिलला तारेच्या ब्रशनं असा काही घासत होता, की जणू ग्रिल त्याचंच आहे.

"अहो, हे काय चाललंय?" मी ओरडले.

"ताई, बिगर आंगोयनं नवं लुगडं नेसाडेल शे याले," ते मागे वळूनही न बघता म्हणाले. "खाले दखा. तो बसेल शे."

आंघोळ न घालता नवं लुगडं नेसवलं, हे मला कळलं, कारण अहिराणी माझ्या माहेरची. 'तो' कोण बसलाय ते मात्र कळेना. मी खाली वाकून बघितलं. रंगाच्या पापुद्र्याखाली तांबूस भुकटी होती. तो म्हणजे गंज. आप्पा गंजाचं नाव घेत नसत. काही बायका नवऱ्याचं घेत नाहीत तसं. तो खालून येतो, तो कोपऱ्यात बसतो, तो वाट बघतो, असं चालायचं. पहिले काही दिवस आमच्या सासूबाई सोसायटीत चोर फिरतोय असं समजून दुपारीही कडी लावून बसायच्या.

त्या रविवारी आप्पांनी आमचं ग्रिल घासलं, पुसलं, त्याला तांबडा प्रायमर दिला, आणि पुढच्या रविवारी वरचा रंग दिला. मी त्यांना बोलावलं नव्हतं, आणि नको म्हणायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. चहा मात्र ते न मागता पीत.

आप्पा पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये फिटर होते. साड्यांचं कापड जिथे रंगवतात, धुतात, वाळवतात, तिथे. दिवसभर वाफ, खारं पाणी, तेजाब. तिथे लोखंड सकाळी ठेवलं तर संध्याकाळी लाल होतं, असं ते म्हणायचे. उभा जन्म त्या वाफेत काढल्यामुळे की काय, आप्पांना जगात माणसांच्या आधी लोखंड दिसायचं. कुठल्याही कठड्यावर ते अंगठा फिरवत आणि मग त्या अंगठ्याचा वास घेत. देवळात गेले की लोक मूर्तीकडे बघत, आप्पा रांगेच्या दांड्यांकडे. लग्नाच्या पंगतीत खुर्चीवर बसण्याआधी ते ती उलटी करून बघत, त्यामुळे त्यांच्या शेजारचं माणूस उगाच बिचकून उठायचं. आणि ते हात मिळवत नसत. कुणी हात पुढे केला की आप्पा दोन्ही हात जोडून मागे सरकायचे.

"हातले मीठ ऱ्हास," ते सांगत. घामाचं मीठ. घासून पुसून लख्ख केलेल्या लोखंडाला उघडं बोट लागलं, की दोन दिवसांनी नेमका त्या बोटाचा ठसा लाल होऊन वर येतो. म्हणून काम करताना ते हातात पायमोजे घालत. हातमोजे का नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणाले, पायमोजे घरात आहेत.

त्यांचा सगळ्यात मोठा राग प्रायमरवर सोडून दिलेल्या लोखंडावर. आमच्या सोसायटीचे चेअरमन गुजराती, भला माणूस, पण चेंगट. त्यांनी फाटकाला तांबडा प्रायमर मारून घेतला आणि पावसाळा तोंडावर आला तरी वरचा रंग काही लावेनात. "चालशे, चालशे," म्हणत राहिले. आप्पांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मग फाटक वापरणं टाकलं. साठीला आलेला माणूस मागच्या बोळातून भिंत चढून घरी यायला लागला.

"प्रायमर म्हणजे बनियन," ते मला सांगत. "पाणी पेस तो. बनियनवर लगीनमा जास का कोणी?"

हे सांगताना अंगात बनियनच असायचं. शेवटी चेअरमनबाईंनी नवऱ्याला दम दिला, कारण आप्पा भिंतीवरून नेमके त्यांच्या तुळशीत उतरत होते. रंगाचा डबा आला. रंग अर्थातच आप्पांनीच लावला.

आप्पांची बायको सुमनवहिनी. आमच्याकडच्या निम्म्या बायकांप्रमाणे त्या आणि त्यांच्या दोन बहिणी दुपारभर दारात बसून साड्यांवर खडे चिकटवायच्या. एका हातात गोंदाची नळी, दुसऱ्या हातात चिमटा, आणि तोंडानं अखंड गप्पा. तो गोंद असा, की साडी फाटेल पण खडा निघणार नाही. आणि त्यांची मुलगी मनीषा, एकुलती एक. सुरतेत जन्मलेली, पर्वत पाटिया भागातल्या एका साडीवाल्याकडे हिशेब बघणारी. ती रागावली की गुजराती बोलायची आणि भूक लागली की अहिराणी.

या मनीषाचं लग्न ठरलं दोंडाईच्याजवळच्या एका गावात. मुलगा पंपाच्या मोटरी दुरुस्त करायचा, शांत, कामाचा. सासरे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. सगळे त्यांना आबा म्हणत. उभी हयात त्यांनी रणगाडा चालवलेला. छाती अजून पुढे, मिशी अजून वर, आणि बोलणं अर्धं अहिराणी, अर्धं फौजी हिंदी.

साखरपुड्याला आप्पांनी रीतसर विचारलं, "आबासाहेब, देनंघेनं कसं?"

"आम्हाले कुछ नही चाहिये," आबा म्हणाले. "पोर द्या, बस."

मुलीच्या बापाला याहून चांगलं काय ऐकायला मिळणार? पण आबा तिथे थांबले नाहीत. चहा पिता पिता त्यांची नजर गेली खिडकीतल्या कूलरकडे, आणि त्यांना त्यांचा स्वतःचा कूलर आठवला. तो त्यांनी सुरतहून नेला होता.

"सुरतनं लोखंड आमनाकडे टिकत नही," ते म्हणाले. "दोन पावसाया काढात, का चाळनी. वरतून चकाचक, खालतून खलास. अरे, मी रनगाडा चलाया. रनगाडा तोफवर नही चालत. खालना चाकवर चालस. एक सांधा जाम, का बठ्ठी गाडी जाम."

पाहुणे हसले. आप्पा हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर ते आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"ताई, नाव कूलरनं लिधं, पन बोट पोरकडे व्हतं."

मी म्हटलं, आप्पा, काहीतरीच काय, माणूस कूलरबद्दलच बोलत होता. पण त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. मनीषा शहरातली. चुलीपुढे कधी बसलेली नाही, विहिरीचं पाणी कधी ओढलेलं नाही. गावच्या उन्हात, मोठ्या खटल्यात ती टिकेल का, ही भीती त्यांच्या पोटात आधीपासूनच होती. आबांच्या कूलरनं तिला वाचा फोडली इतकंच.

"सुरतनं लोखंड टिकस का नही, ते दाखाडसू," आप्पा म्हणाले. "मनी वस्तू तठे टिकनी, तर मनी पोर टिकनी."

आणि त्यांनी जाहीर केलं, की मनीषाच्या रुखवतात रणगाडा जाणार.

सुमनवहिनींनी रुखवतात काय काय मांडायचं ते वर्षभर आधीच ठरवलं होतं. सुपारीचे नवरानवरी, लोकरीचा पोपट, करंज्यांचं कमळ, शेवेच्या लाडवांचा डोंगर. त्यात हा रणगाडा कुठे ठेवायचा, असं त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, मध्ये.

तो काही मुलांच्या खेळण्यातला रणगाडा नव्हता. खऱ्याच्या एक षष्ठांश, म्हणजे आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यापेक्षा जेमतेम लहान. वरच्या भागाशी आप्पांना फारसं देणंघेणं नव्हतं. पत्र्याची पेटी, बुरूज म्हणून जुना कुकर, तोफ म्हणून पाण्याचा पाइप. "वर सगळं नाटक शे," ते म्हणत. खरं काम खाली होतं. दोन्ही बाजूंना सहा सहा लोखंडी चाकं, प्रत्येक चाक स्वतःच्या दांडीवर, प्रत्येक दांडी जाड पिनेभोवती वरखाली होणारी, आणि प्रत्येकीला वेगळी स्प्रिंग. चाकांवरून फिरणारा पट्टा म्हणजे कापड ताणणाऱ्या यंत्राची भंगारात निघालेली साखळी. चाकं त्यांच्या एका लेथवाल्या दोस्तानं कातून दिली. बाकी सगळं आप्पांनी ओसरीत बसून केलं.

आणि मग रंग. आतापर्यंत मी समजत होते, की रंग लावणं म्हणजे रंग लावणं. आप्पांनी आधी एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला, मग साबणानं, मग कढत पाण्यानं, आणि लगेच सुमनवहिनींच्या तव्यावर ठेवून वाळवला, कारण ओलं लोखंड म्हणजे त्याला आमंत्रण. त्या दिवशीच्या भाकरीला रॉकेलचा वास येत होता असं वहिनींनी मला सांगितलं, आणि आप्पांनी दोन जास्त खाल्ल्या असंही सांगितलं. मग गंज खाऊन टाकणारं द्रावण, लोखंड राखाडी होईपर्यंत. मग तांबडा प्रायमर, पातळ. मग पाण्याचा पॉलिश पेपर. मग फवाऱ्यानं फौजी हिरवा, तोही दोन पातळ हात, एक जाड नाही.

वाळवायला जागा नव्हती, म्हणून चाकं तारेत अडकवून माझ्या कपड्यांच्या दोरीवर टांगली गेली. बारा चाकं, बारा दांड्या आणि मधूनमधून आमच्या यांचे शर्ट. चेअरमनबाई वर बघून म्हणाल्या, "टीचरबेन, आ शुं सुकव्युं छे?" मी शाळेत शिकवते म्हणून त्या मला टीचरबेन म्हणत. काय वाळत घातलंय म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, रणगाडा. एका रविवारी वारा सुटला आणि फवाऱ्याचा हिरवा रंग ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. तो शर्ट हे सोमवारी घाईत घालून गेले आणि दिवसभर ऑफिसातले लोक त्यांना कुठल्या बागेत लोळलात म्हणून विचारत राहिले. आप्पांना सांगितलं, तर त्यांनी शर्ट हातात घेऊन उन्हात धरला आणि समाधानानं म्हणाले, "पकडेल चांगलं शे."

एकच गोष्ट आप्पा रंगवत नव्हते. दांडी जिथे पिनेवर फिरते तिथली गोल कडी त्यांनी चिकटपट्टी लावून झाकली होती. सगळा रंग वाळल्यावर पट्टी काढली, तर हिरव्या दांडीवर लख्ख उघड्या लोखंडाचं एकेक कडं चमकत होतं.

"इथं गंजणार नाही का?" मी विचारलं.

"सांध्याले रंग नही, ताई. सांध्याले ग्रीस." त्यांनी बोटभर ग्रीस आत भरलं. "रंग दिधा, का जाम. झाकाले जाशी, तर हालनं बंद."

मग त्यांनी रणगाडा ओसरीत जोडून एका विटेवरून ढकलला. पहिलं चाक विटेवर चढलं, उतरलं, दुसरं चढलं, उतरलं, आणि वरची पेटी जागची हललीसुद्धा नाही. आप्पांनी दोन्ही तळवे पेटीवर ठेवून दाबलं. रणगाडा खाली बसला. हात काढले, तर सावकाश वर आला.

"श्वास लेस," आप्पा म्हणाले. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं का सांगू.

लग्न पर्वत पाटियाजवळच्या एका हॉलमध्ये होतं. आदल्या दिवशी हळद. आप्पा मांडववाले आणि आचारी यांच्यामागे धावत होते. घरात वहिनींच्या दोन्ही बहिणी रुखवतावर शेवटचा हात फिरवत होत्या. पोपटाला डोळे लावून झाले, लाडवांना बेगड लावून झाली, आणि त्यांची नजर रणगाड्याकडे गेली. सगळं कसं छान हिरवं, आणि मध्येच ही उघडी पडलेली कडी!

"बिचारा भाऊजीकडला रंग सरी गया," थोरली म्हणाली.

भाची लग्नाची. भाऊजी दमलेले. रंग संपलेला. दोघींनी पदर खोचले, गोंदाच्या नळ्या घेतल्या आणि उभ्या सुरतेत ज्या कामात त्यांचा हात कुणी धरला नसता ते काम केलं. बाराही सांध्यांना गोल गोल खडे चिकटवले. गुलाबी, मध्ये सोनेरी, पुन्हा गुलाबी. उघडं लोखंड तसूभरही दिसू दिलं नाही. गोंद हात सैल सोडून लावला, कारण घरचं कार्य. मग वर चादर घालून, दोरी बांधून रणगाडा टेम्पोत चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये दोन टेबलांवर, खालून सांधे दिसावेत म्हणून मध्ये फट सोडून, रणगाडा बसवला आणि चादर निघाली. आप्पा फेटा बांधून समोर उभे. मी त्यांच्या शेजारी. रणगाड्याची चाकं अशी काही झगमगत होती की काय सांगू.

"भाऊजी, सरप्राइज!" मावश्या एका सुरात म्हणाल्या.

आप्पांनी तळवे पेटीवर ठेवले आणि दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. लोकरीचा पोपट तेवढा डुलला. नेमका तेव्हाच दारात बँड वाजायला लागला.

आबा वरातीच्या पुढे होते. हार घालून घेतले, गुळपाणी घेतलं आणि दोन जुन्या फौजी दोस्तांना बरोबर घेऊन ते सरळ रुखवताकडे आले. रुखवतात रणगाडा आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. कमरेवर हात ठेवून त्यांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मिशी थरथरली. मग खऱ्या रणगाडेवाल्यानं बघावं तसं त्यांनी वरचं काही न बघता खाली वाकून सांधे बघितले, उठले आणि पेटीवर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार दिला.

"जाम," आबा म्हणाले.

एवढंच. पण दोस्तांनी एकमेकांकडे बघितलं, आणि आप्पांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. या माणसानं दिवाळीपासून ज्या एका क्षणासाठी हातात पायमोजे घातले होते तो क्षण आला होता आणि गेला होता. आता हा बायकोच्या बहिणींवर खेकसणार, असं मला वाटलं. मावश्यांनाही तेव्हा काय झालं ते उमगलं होतं. धाकटी तोंडात पदर घालून रडायला लागली.

आप्पा तिला म्हणाले, "तू काबर रडस? चूक मनी शे. सांधा उघडा ठेवा, पन काबर ठेवा ते कोनले सांगं नही."

मग त्यांनी थोरलीला विचारलं, "खडा काढाना व्हयना, तर काय लावतस?"

"थिनर," ती म्हणाली. "नही तं नेलपॉलिश काढानं पानी. खडा सोडी देस."

थिनर घरी होता. पण नवरीला नटवायला आलेल्या पार्लरवालीकडे नेलपॉलिश काढायची मोठी बाटली होती. मी धावत जाऊन ती आणली, कापसासकट. आप्पांनी फेटा मागे सरकवला आणि रुखवताच्या टेबलाखाली शिरले. मावश्या डोक्यातल्या पिना उपसून त्यांच्या मागोमाग.

गुरुजींनी माइकवरून सांगितलं, "मुहूर्त जवळ आला आहे. मुलीच्या वडिलांनी यावं." थोड्या वेळानं, "मुलीचे वडील कुठे आहेत?" आणि मग जरा चढ्या आवाजात, "वडिलांना कुणी पाहिलं का?" टेबलाच्या झालरीखालून पांढऱ्या विजारीतले दोन पाय दिसत होते, पण गुरुजींना ते कोण सांगणार?

आबा हे सगळं उभे राहून बघत होते. त्यांनी कोट काढला आणि माझ्या हातात दिला.

"दुसरी साइड मनाकडे," ते म्हणाले आणि गुडघ्यांवर बसून आत शिरले.

दोन व्याही, डोक्यावर फेटे, टेबलाखाली आडवे. एक म्हणतोय, "कापूस द्या," दुसरा म्हणतोय, "थांबो, याना नही सुटना." सुटलेले खडे टपटप फरशीवर पडताहेत. नवरदेव पाटावर उभा राहून वडिलांना शोधतोय. अंतरपाटाच्या मागे मनीषा टाचा उंच करकरून टेबलाकडे बघतेय आणि करवली तिला खाली ओढतेय. गुरुजी जुने जाणते, त्यांनी मंगलाष्टकं ताणायला घेतली. येत होती तेवढी संपल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या झाल्या.

सांध्यांच्या पिना सुटल्या तसं जुनं ग्रीस गोंदाबरोबर पुसलं गेलं होतं. आबा आतून ओरडले, "ग्रीस!" आचाऱ्यानं प्रसंग ओळखून साजूक तुपाची वाटी पुढे केली. आप्पांनी ती तशीच परत पाठवली, तुपाला मुंग्या येतात म्हणून. मग टेम्पोवाल्यानं गाडीतलं ग्रीस आणून दिलं.

दोघं बाहेर आले. गुडघे काळे, मिशीला कापूस. आबांनी पेटीवर हात ठेवून भार दिला. रणगाडा खाली बसला. हात काढले. तो वर आला.

"हां," आबा म्हणाले. "आते गाडी चालनार."

आणि त्यांनी हात पुढे केला. आप्पांनी एकदा त्या हाताकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाशी तरी हात मिळवला. मग धावत जाऊन मुलीच्या मागे उभे राहिले. कन्यादानाच्या वेळी त्यांच्या हातावरून पडलेलं पाणी काळपट हिरवं होतं.

निरोपाच्या वेळी सगळ्या बायका रडल्या. मनीषा आप्पांच्या गळ्यात पडली. आप्पांनी आधी आपला हात विजारीला पुसला आणि मग तिच्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाले, "ओला हात लावू नको. हातले मीठ ऱ्हास." लोकांना वाटलं, बघा, याला अजून रणगाडाच सुचतोय. मला तेव्हा त्या माणसाची फार माया वाटली. त्यांच्याकडे दुसरे शब्दच नव्हते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

त्यानंतर आप्पा लेकीच्या घरी गेले नाहीत. जुन्या वळणाचा माणूस. कारणाशिवाय बापानं लेकीच्या दारात जाऊ नये, तिला मूल होईपर्यंत तिथलं पाणी पिऊ नये. वहिनी दोनदा जाऊन आल्या. आप्पा व्हिडिओ कॉल करायचे. मनीषा दिसली की म्हणायचे, "खाले दाखाड." ती फोन रणगाड्याखाली धरायची. आप्पा एकेक सांधा बघायचे, आबांना दाबायला सांगायचे, हं हं करायचे. सगळं बघून झाल्यावर सहज आठवल्यासारखं म्हणायचे, "आते वर दाखाड." मग मनीषाचा चेहरा यायचा, आणि त्याच्याकडे ते बराच वेळ बघत बसायचे. एवढी सगळी वाट काढून तो माणूस लेकीच्या तोंडापर्यंत पोचायचा.

पावसाळा संपता संपता एके दिवशी मनीषाचाच फोन आला. "आप्पा, एक चाकले तो लागना."

आप्पांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. कुठे चुकलं? द्रावण कमी पडलं? घाईत एखादं बोट लागलं? आबा काय म्हणतील? सुरतचं लोखंड! दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणीत रजा टाकली आणि पिशवी भरली. मला माहेरी जायचंच होतं, म्हणून मीही बरोबर निघाले. गाडीत तापीचं पाणी खिडकीतून दिसत होतं, आप्पा मांडीवर पिशवी ठेवून समोरच्या बाकाच्या खिळ्यांकडे बघत होते.

आबांच्या ओसरीत रणगाडा मध्यभागी होता, मच्छरदाणीखाली. आबांनी मच्छरदाणी वर केली आणि म्हणाले, "मी रोज सकाय पुसस. समजत नही, हाई एकच कसं गंजनं."

अकरा चाकं लग्नाच्या दिवशी होती तशीच हिरवीगार होती. सांधे लख्ख, ग्रीस भरलेलं. एकच चाक, भिंतीकडच्या बाजूचं, लाल होतं. आप्पा जमिनीवर बसले. त्यांनी अंगठा फिरवला, वास घेतला. मग अंगठा जिभेला लावला आणि थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. चाकाचा रंग सांडशीनं खरवडावा तसा खरवडलेला होता, आणि उघड्या लोखंडावर गंजाचे चार गोल ठसे होते. बोटांच्या पेरांएवढे, बारीक.

आप्पांनी मान वर केली. मनीषा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. अंगानं भरली होती, डोईवर पदर, हातभर हिरव्या बांगड्या. सासू आतून तिला कसलीशी बरणी कुठे ठेवली ते विचारत होती, आणि ती इकडची नजर चुकवत अस्सल अहिराणीत उत्तर देत होती.

आप्पांनी पुन्हा ठशांकडे बघितलं. मला वाटलं, आता उसळतील. ज्या माणसानं रंगाच्या एका हातासाठी चेअरमनशी अबोला धरला, त्याच्या जन्माच्या कामावर पोरीनं मीठ चोळलं होतं. आबा म्हणाले, "काय व्हयनं, आप्पा?"

"काही नही, आबा," आप्पा म्हणाले. "सुरतनं लोखंड शे. अधूनमधून ईसन दखनं पडी."

अधूनमधून येऊन बघावं लागेल, असं आप्पा म्हणत होते, आणि तेही स्वतःच्या कामाबद्दल. त्यांनी पिशवीतून पायमोजे काढून हातात घातले. चाक उतरवलं, घासलं, धुतलं, लेकीच्या तव्यावर वाळवलं, द्रावण लावलं, तांबडा प्रायमर दिला. संध्याकाळी चाक वाळलं तसं ते त्यांनी दांडीवर चढवलं, मच्छरदाणी खाली सोडली आणि पिशवीचे बंद बांधायला लागले. हिरव्या रंगाची डबी पिशवीत होती. ती मी स्वतः पाहिली होती.

"आप्पा," मी म्हटलं, "वरचा रंग?"

त्यांनी माझ्याकडे न बघता गाठ मारली. "प्रायमरले जरा दिन देवा पडतस, ताई. पुढला महिनामा ईसन मारसू."

मनीषाला हसू आवरेना, आणि डोळेही पुसायचे होते, म्हणून ती आत पळाली. मला माहेरी न्यायला भाऊ आला होता. त्यानंतर आम्ही सुरत सोडून नाशिकला आलो, त्यामुळे आप्पा मला शेवटचे दिसले ते तिथे, ओसरीच्या पायरीवर आबांच्या शेजारी बसलेले, हातातले पायमोजे काढायचे विसरलेले. त्यांच्या मागे रणगाडा होता, अकरा चाकं हिरवी आणि एक तांबडं.